दोन वाजून दहा

ऑक्टोबरात द्राक्षं उतरली
की मी अलाझानीच्या खोऱ्यात येतो.
बस चौकात सोडते, पुढं चढ.
डावा पाय माझा, उजवा कारखान्यातला;
चढावर दोघांचं पटत नाही.

त्सिआला फाटकाशी उभी असते
आणि आधी माझ्या कपाळाकडं बघते.
तिथं आता काही नाही.

होतं. काळ्या मार्करनं लिहिलेलं: दोन-दहा.
हेल्मंदमध्ये, कालव्याकाठच्या डाळिंबाच्या बागेत
बाद्रीनं माझ्या मांडीला पट्टा आवळला,
गुडघा रोवून, माझ्या बोंबलण्याकडं कानाडोळा करून,
मग टोपण दातांत धरून
माझ्या कपाळावर वेळ लिहिली.
पट्टा कधी बांधला
ते पुढच्या डॉक्टरला कळायला हवं ना.
"हलू नको, अक्षर बिघडेल," म्हणाला.
त्याचं अक्षर मुळातच कोंबडीचे पाय.

कपाळी लिहिलेलं पुसत नाही म्हणतात.
चौथ्या दिवशी, जर्मनीतल्या इस्पितळात,
नर्सनं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं.
मी तिचा हात धरला,
तोवर 'दोन' गेला होता.

मला झाडाला टेकवून तो पुढं निघाला.
पुढं अजून दोघं पडले होते.
बॅग छातीशी धरून, वाकून,
दुकानातून अंडी आणणाऱ्या पोरासारखा.
एकाला ओढत आणलं.
दुसऱ्यापाशी पोचला, एवढं मी पाहिलं.

त्याची वेळ कुणी लिहिली नाही.
सरकारी कागदावर आहे: अंदाजे अडीच.

पदक घेऊन माणूस आला होता तिबलिसीहून.
उभं राहून त्यानं वाचलं: निर्भय.
त्सिआला मधेच म्हणाली,
"लामाराच्या हंसांना भ्यायचा.
बारा वर्षांचा होईतो
शाळेला लांबच्या वाटेनं गेला."
माणूस थांबला. कागदावर हंस नव्हते.
पदक आता कांद्याच्या बियांच्या डब्यात असतं,
दर वसंतात बी काढताना
तिच्या हाताला लागतं.

अंगणात वाइनचे रांजण पुरलेत, गळ्यापर्यंत.
भिंतीकडचा बाद्रीनं भरलेला,
जायच्या आठवड्यात, झाकण मातीनं लिंपून:
आल्यावर उघडू.
अकरा वर्षं त्याचा बाप, नोदार,
तेवढ्या जागेला वळसा घालून चालला.
यंदा मी आलो तर म्हणाला,
"खुरपं घे."

माती खरवडली. झाकण सरकवलं.
ते दोघं गुडघ्यांवर,
माझा एक गुडघा वाकत नाही, मी आडवाच झालो.
नोदारनं ओगराळं बुडवलं, चाखलं,
आणि बराच वेळ ते तोंडातच धरून राहिला.

शिरका. पार आंबलेली.

कुणी कुणाकडं बघेना.
मग त्सिआलाला हसू फुटलं,
पदराशिवायचं, तोंड न झाकता आलेलं,
"याची तंगडी अशी आवळली
की अजून वळ आहे म्हणतो,
आणि झाकण मेल्यानं ढिलं ठेवलं!"
नोदारही हसला. मी तर मातीतच होतो.

जेवताना तो उठला, गेलेल्यांच्या नावानं.
इथं पावावर वाइन शिंपडतात;
त्यानं त्याच रांजणातलं शिंपडलं,
तुकडे केले, आम्हाला दिले.
जिभेला चरचरलं, डोळ्यांत पाणी आलं.
शिरक्यानं येतंच.

ती कच्चे टोमॅटो चिरून बसली, लसूण, शेपू,
बरण्या भरल्या, माझ्यापुढं पेन टाकलं.
"तारीख घाल."
घातली.
"वेळ पण."

लोणच्यावर वेळ कोण घालतं?
मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.
पावणेपाच.
टोपण दातांत धरून
जमेल तितक्या सुवाच्य अक्षरात
तेवढंच लिहिलं.